पांढरं सात, गावरानी पंधरा

लाखनी, जि. भंडारा
१२ जानेवारी २०२५, रविवार

ज्योत्स्नाताई,

आजचा भाव: पांढरं सात, गावरानी पंधरा.

तू म्हणालीस, फोनवर सगळं घर एकदम बोलतं, तू आपलं कागदावर लिही. म्हणून लिहितो. कागदावर मी कमी घाबरतो. सानगडीला तुमच्या ओसरीत बसवून तूच माझं शुद्धलेखन सुधारलं होतंस, चुकलेला शब्द दहा वेळा. नववीनंतर शाळा सुटली, ती सवय सुटली नाही. हे पत्र मी दुसऱ्यांदा उतरवतो आहे, कारण पहिल्या कागदावर 'जर्मनी' या शब्दावरच शाईचा ठिपका पडला.

आधी तुझ्या बाबांचं, काकांचं सांगतो. टीबीच्या गोळ्या नोव्हेंबरात संपल्या. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज दोन अंडी चालू आहेत. बुधवारी आणि रविवारी मी मोटारसायकलने सात-सात अंडी पोचवतो. तू गावरानीच दे म्हणून बजावलं होतंस, ते लक्षात आहे. परवा आसारामकाका काठी न घेता तलावाच्या पाळीपर्यंत जाऊन आले; जाळं मात्र अजून टाकत नाहीत. जमुनाकाकू अंडी उकडते आणि काका त्या अंड्यांचं पाणीसुद्धा टाकू देत नाहीत. पितात. म्हणतात, "ताकद यातच उतरते. पाय ना, पाणी कसं लाल होते!"

आता माझे प्रश्न. महामार्गावर बाबूजींसोबत अंड्यांची गाडी लावून दिवसभर बसलं की डोक्यात प्रश्नच येतात. तिकडे अंडं किती रुपयांना? डझनाने विकतात की तीसच्या ट्रेने? गावरानी महाग असतं का? आपल्याकडे सोमवारी, गुरुवारी आणि चतुर्थीला गाडीकडे कोणी फिरकत नाही, आणि काही बाया अंडी घेताना दोनदा कागदात गुंडाळून मागतात, जसं काही औषध नेतात. तिकडेही कोणी लपवून नेतं का? सवडीने लिही. पाकिटाचं वजन करूनच तिकिटं लावली आहेत.

तुझा
कुलदीप


कासेलजवळ, जर्मनी
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय कुलदीप,

तुझ्यासारखीच सुरुवात करते. आजचा भाव: दहा अंड्यांना दोन युरो. इथे डझन नाही, ट्रे नाही, कागदी लगद्याच्या डब्यात दहा. म्हणजे एक अंडं अठरा रुपयांना. पाणी पी आणि मग पुढे वाच.

पांढरं आणि तपकिरी एकाच भावाने मिळतं. रंगाला किंमतच नाही! किंमत कशाला आहे, तर कोंबडी कशी जगली याला. प्रत्येक अंड्याच्या कवचावर लाल शाईत शिक्का असतो. पहिला आकडा तीन असेल तर ती पिंजऱ्यातली. दोन म्हणजे मोठ्या बंद खोलीत मोकळी. एक म्हणजे बाहेर उन्हात फिरणारी. शून्य म्हणजे फिरणारी आणि औषध न मारलेलं धान्य खाणारी. त्यापुढे देशाची दोन अक्षरं, त्यापुढे त्या फार्मचा नंबर. शून्यवालं अंडं अडतीस रुपयांना पडतं, आणि लोक घेतात.

मी ज्या वृद्धाश्रमात नर्सिंगचं काम शिकते, तिथे वेबर नावाच्या आजी आहेत, वय एक्याण्णव. रोज सकाळी नाश्त्याचं अंडं फोडण्याआधी चष्मा लावून त्यावरचा आकडा वाचतात. मला वाटायचं डोळ्यांचा व्यायाम करतात. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "कोणाकडून आलं ते माहीत असावं."

लपवून कोणी नेत नाही. उलट दुकानात सगळे डबा उघडून एकेक अंडं हलकेच फिरवून बघतात. पहिल्यांदा मला वाटलं, यांना दुकानदार चोर वाटतो की काय. ते फक्त तडा शोधत असतात. माझ्यासोबत राहणारी मारिसेल फिलिपिन्सची आहे. तिच्या देशात बदकाची खारवलेली अंडी गडद गुलाबी-लाल रंगवतात. का, तर ताजी समजून कोणी चुकून घेऊ नये. पोटात काय आहे ते रंगाने आधीच सांगून टाकायचं. मला हे फार आवडलं.

बाबांचा फोनवरचा आवाज परत पहिल्यासारखा झालाय. आई म्हणते, अंड्याचं पाणी चहासारखं लाल उतरतं. खरं गावरानी ओळखायचं ते असंच असेल. कुलदीप, इतक्या लांबून मी काय करू शकते? पैसे पाठवू शकते, बस. बाकी तुझ्या हाताने होतंय. वेबर आजींनासुद्धा मी तुझं सांगितलंय.

तुझी
ज्योत्स्नाताई


लाखनी
२ मार्च २०२५

(हे पत्र टाकलं नाही. शुद्धलेखनाच्या वहीत ठेवलं.)

ताई,

पाणी चहासारखं लाल उतरतं, कारण तो चहाच आहे.

थंडीत गावरानी अंडी कमी पडतात. बाया कोंबड्या खुडूक बसवतात, पिलं काढतात, अंडी विकत नाहीत. गिऱ्हाईक तर गावरानीच मागतं. मग बाबूजी बसस्टँडवरच्या टपरीतून वापरलेली चहापत्ती आणतात. ती उकळायची, पोल्ट्रीची पांढरी अंडी त्यात बुडवायची आणि पोत्यावर वाळवायची. सातचं अंडं पंधराला जातं. हे काम मी करतो. माझ्या हातून सर्वांत सुबक होतं, डाग पडत नाही, सगळी एका रंगाची दिसत नाहीत, एखादं मुद्दाम फिकं ठेवतो. शुद्धलेखनासारखंच मन लावून करतो.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काकांच्या पिशवीत बाबूजींनी तीच अंडी भरली. मी म्हणालो, "बाबूजी, हे त आसारामकाकाचे हायत."

"मंग?"

"त्यायले गावरानी सांगितलं हाय."

"अंडं अंडंच असते ना बे. कोंबडीनंच देल्लं हाय, मी थोडीच देल्लं!"

मी पिशवी हँडलला अडकवली आणि निघालो. एकदा नेली, मग दुसऱ्यांदा कसं बोलायचं? डॉक्टर म्हणतात पांढऱ्यातही तेवढीच ताकद असते. ते मी स्वतः दवाखान्यात विचारून आलो. पण तू गावरानी म्हणालीस, आणि मी 'लक्षात आहे' असं लिहिलं. त्या वाक्यात एकही अक्षर चुकलेलं नाही, तरी ते पूर्ण चूक आहे.

तुझ्या पत्रातला तो आकडा सारखा आठवतो. तुझ्याकडे अंडं स्वतः सांगतं मी कोण. माझ्याकडे मी त्याला तोंड बंद करायला लावतो. तुला कळलं तर तू परत कधी मला पत्र लिहिणार नाहीस. मला दुसरं कोणीच पत्र लिहीत नाही.


लाखनी
५ मार्च २०२५

ज्योत्स्नाताई,

आजचा भाव: पांढरं सहा, गावरानी पंधरा.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. अंड्यावर देशाचं नाव! आमच्या गाडीवर मी सगळ्यांना सांगितलं. एक ट्रकवाला म्हणाला, "म्हणजे अंड्याचं आधार कार्ड." दिवसभर लोक हसत होते, मला मात्र हसू येत नव्हतं. मी एक अंडं हातात घेऊन कितीतरी वेळ पाहत राहिलो. एवढ्याशा गुळगुळीत कवचावर एका कोंबडीचं सगळं जगणं मावतं.

एक विचारायचं होतं. ती लाल शाई पुसता येते का? कोणी तीनचा एक करत नाही का? रंग लावून फसवत नाही का? सहज विचारतो.

काका बरे आहेत. बाकी ठीक.

कुलदीप


कासेलजवळ
२४ एप्रिल २०२५

प्रिय कुलदीप,

एवढं छोटं पत्र? तब्येत बरी आहे ना?

तू रंगाचं विचारलंस आणि इथे चार दिवस रंगाचेच गेले! ईस्टर झाला. वेबर आजींनी मला अंडी रंगवायला बसवलं. कांद्याची सालं उकळायची, अंड्यावर कोथिंबिरीसारखं एक पान ठेवायचं, जुन्या मोज्यात घट्ट बांधायचं आणि त्या पाण्यात सोडायचं. बाहेर काढलं की गडद तपकिरी अंडं आणि त्यावर पानाचा पांढरा ठसा, शिरांसकट. मी बघतच राहिले. दुकानात तर उकडलेली रंगीत अंडी वर्षभर मिळतात, लाल, निळी, हिरवी. कोणी फसत नाही, कारण रंगवलेलं आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

फसवणुकीचं आजींना विचारलं. म्हणाल्या, करणारे असतीलच, पकडलेही जात असतील, पण मला सकाळच्या वेळी संशय घेऊन अंडं फोडायचं नाही.

आता खरी गोष्ट ऐक. रविवारी फिरायला गेले. गावाबाहेर शेताच्या कडेला एक लाकडी कपाट. आत अंड्यांचे डबे, खडूने भाव लिहिलेला, दहाचे चार युरो, आणि बाजूला फट पाडलेला पत्र्याचा डबा. माणूस नाही. कुत्रासुद्धा नाही. मी 'हॅलो' म्हणून हाक मारली. पाव तास उभी राहिले. मग सायकलवरून एक बाई आली, डबा घेतला, नाणी टाकली, मागच्या वेळचा रिकामा डबा परत ठेवला आणि गेली. मला कळलं, हेच दुकान! मीही एक डबा घेतला. सुटे नव्हते, पाचची नोट टाकली. उरलेला एक युरो त्या न दिसणाऱ्या माणसाला.

येताना वाटेत सारखं मागे वळून बघत होते. कुलदीप, इतकी मोठी वस्तू मी या देशात पाहिली नाही. विमानतळ पाहिला, पूल पाहिले. त्या कपाटासमोर मात्र माझी मान खाली गेली.

तुझी
ताई


लाखनी
११ मे २०२५, रविवार

ज्योत्स्नाताई,

आजचा भाव: पांढरं साडेपाच, गावरानी पंधरा.

या वेळी तुझं पत्र सहा दिवसांतच पोचलं. कपाटाचा भाग मी बाबूजींना वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाले, "इथं ठेवलं त पयले अंडे जातीन, मंग डबा जाईन, आखरीले कपाट जाईन." आई म्हणाली, "अन् ते कपाट तुमच्याच घरात सापडीन."

पण मला त्या रात्री झोप लागली नाही. काय करायचं ते ठरवलं आणि एक तारखेपासून करतो आहे. काकांसाठी आता मी आमच्या गाडीवरची अंडी नेत नाही. सकाळीच सानगडीला जातो, घरोघर स्वतः विचारून घेतो आणि घेतानाच प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने लिहितो. कोणाच्या घरचं, कोणत्या तारखेचं. तुमच्या गल्लीतल्या कलाबाईकडे पहिल्यांदा लिहिलं तेव्हा ती म्हणाली, "काय लिहून राहिला गा?"

"तुमचं नाव."

"माहं नाव? अंड्यावर? वाच बरं."

मी वाचलं. कलाबाई, सानगडी, एक मे. तिने अंडं हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, पदराने पुसायला गेली आणि थांबली. म्हणाली, "हे नाई विकत मी." ते अंडं तिने देवाजवळ नेऊन ठेवलं. मला तिला समजवावं लागलं की ते खराब होईल. मतदानाची चिठ्ठी, रेशनकार्ड असले सरकारी कागद सोडले तर तिने आपलं नाव कुठे लिहिलेलं पाहिलं नव्हतं.

टोपलीतलं शेवटचं अंडं मात्र ती कितीही पैसे दिले तरी देत नाही. एक राहू द्यायचं, नाहीतर कोंबडी जागा बदलते, म्हणते. तिकडच्या कोंबड्यांनाही असं काही लागतं का?

बाबूजी माझ्याशी बोलत नाहीत. त्याचं कारण पुढे कधीतरी लिहीन. काकू हल्ली पिशवी दारातच घेते, आत बोलावत नाही. काका झोपलेले असतात म्हणते. उन्हामुळे असेल.

कुलदीप


कासेलजवळ
३० मे २०२५

कुलदीप,

काका झोपलेले नसतात. ते तुझं तोंड पाहायला तयार नाहीत.

महिनाभर आईने माझ्यापासून लपवलं. परवा रडत सांगितलं. बाबा म्हणतात, आधीची अंडी खरी होती, पाणी लाल उतरायचं. आता पाणी नळासारखं पांढरं. म्हणजे आताची नकली. वर पेन्सिलीने नावं लिहून आणतो, कोणी मागितली होती नावं? खरं असतं तर लिहायची गरज काय? तीन आठवडे त्यांनी एकाही अंड्याला हात लावला नाही. आई शेजारी वाटून टाकते. बाबांचं वजन दोन किलोने उतरलंय. पाळीपर्यंत जाणं बंद झालंय.

फोन करून ओरडू शकले असते. पण फोनवर तू घाबरतोस आणि हो ताई, हो ताई म्हणतोस. म्हणून कागदावर विचारते, कागदावरच उत्तर दे. मी पाठवते ते पैसे गावरानी अंड्यांचे आहेत. तू माझ्या बाबांना काय खाऊ घालतो आहेस?

ज्योत्स्ना


लाखनी
२३ जून २०२५

ज्योत्स्नाताई,

आज भाव लिहीत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: आता खरी गावरानी अंडी खाऊ घालतो आहे. आधी खोटी घातली. सोबत दोन मार्चचं एक पत्र आहे, जे मी टाकलं नव्हतं. आधी ते वाच, मग हे. ते सुधारून लिहिलेलं नाही, जसं होतं तसंच आहे.

वाचलंस?

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. काल रविवारी मी सानगडीला गेलो. खिशात एक अंडं कलाबाईचं होतं आणि एक मी रंगवलेलं. मेपासून मी रंगवणं बंद केलं, बाबूजी त्यामुळेच बोलत नाहीत; रंगवलेलं शेवटचं एक मी घरी राखून ठेवलं होतं, का ते मलाही सांगता येणार नाही. काका खाटेवर भिंतीकडे तोंड करून होते. मी काकूला म्हणालो, "दोन गंज पाहिजेत, पाणी ठेवायला."

काका भिंतीकडूनच म्हणाले, "कायले? अजून नकली आणले काय?"

"एक नकली हाय काका. कोणतं ते तुमीच सांगा."

तेव्हा ते उठून बसले. काकूने गॅसवर पाण्याचे दोन गंज ठेवले, मी एकेकात एक अंडं सोडलं. दोन्ही अंडी एकाच रंगाची दिसत होती, खरं सांगतो, माझं मलाच कौतुक वाटायचं त्या रंगाचं. पाच मिनिटांत एका गंजातलं पाणी लाल झालं. दुसरं तसंच राहिलं.

"पाय!" काका लाल पाण्याकडे बोट दाखवून म्हणाले. "हे खरं."

"नाई काका. ते चहापत्ती हाय. मीच लावली. डिसेंबरापासून एप्रिलपर्यंत जेवढे आणले, सगळे असेच."

काकू म्हणाली, "अगा बाप्पा, पोरा..." आणि गॅस बंद केला. काका कितीतरी वेळ त्या लाल पाण्याकडे पाहत होते. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. मग हळूच म्हणाले, "म्हंजे मी चहा पेत होतो? बिनसाखरेचा?"

मी मान हलवली.

"अन् पाळीवर बसून साऱ्याईले सांगत होतो, गुण आला म्हून? मारोतरावले त त्याच्या गुडघ्यासाठी दोन गिलास पाजला मी!"

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाज होती. माझ्या खोटेपणाची लाज त्यांना वाटत होती. ताई, मी यापेक्षा मोठं काही पाहिलेलं नाही, आणि ते पाहताना मला जमिनीत जावंसं वाटलं. गावभर त्यांनी माझंच नाव घेतलं होतं, कुलदीपच्या अंड्यानं उठलो म्हणून.

शेवटी त्यांनी विचारलं, "ज्योतीले सांगितलं?"

"नाई."

"पयले तिले लिही. तिचं उत्तर आल्याबिगर माह्या घरी अंडं नोको आणू."

फरकाचे पैसे मी काकूच्या हातात दिले. तिने ते न मोजता चुलीवरच्या फळीवर ठेवले. चहापत्तीचं प्लास्टिकचं घमेलं मी बाबूजींच्या देखत फोडलं. ते म्हणाले, "आता वरठीले जाय, कारखान्यात मजुरी कर." कदाचित जावं लागेल. पण त्याची भीती मला दुसऱ्या नंबरची आहे. पहिल्या नंबरची तुला ठाऊक आहे.

मी रोज पोस्टमनची वाट पाहीन. उत्तर द्यायचं नसेल तर तेही समजेन. फक्त काकांना अंडी खायला सांग, कोणाकडूनही घेऊन.

कुलदीप


कासेलजवळ
२० जुलै २०२५

कुलदीप,

बारा दिवस तुझं पत्र उशाखाली होतं. पहिले तीन दिवस फार राग आला. अंड्यांपेक्षा जास्त राग याचा की मी इथे सगळ्यांना तुझं सांगत होते. वेबर आजींना म्हटलं होतं, आमच्याकडे कपाट लागत नाही, आमच्याकडे कुलदीप आहे.

चौथ्या दिवशी आजींनी विचारलं, तुझ्या अंडेवाल्याचं पत्र आलं का? मी सगळं सांगितलं. त्यांनी नाश्त्याचं अंडं तसंच बाजूला ठेवलं आणि विचारलं, "त्याने हे स्वतः लिहिलं? कोणी पकडलं नसताना?" मी हो म्हटलं; माझा संशय तर भलत्याच अंड्यांवर होता. पण मला त्यांच्या समोर बसवेना. का, ते तुलाच सांगते.

त्या कपाटाबद्दल मी तुला खोटं लिहिलं होतं. पाचची नोट टाकली नव्हती. माझ्याजवळ फक्त दोन युरोचं नाणं होतं. महिन्याचे पैसे संपत आले होते. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, दोनचं नाणं टाकलं आणि दहा अंडी घेऊन आले. मान खाली गेली असं लिहिलं ना, ती त्यामुळे. मागे वळून बघत होते तेही त्यामुळेच. आणि घरी येऊन तुला ते पत्र लिहिलं, सुंदर करून. दोन्ही डोळे कागदावर ठेवून खोटं लिहिलं, तुझ्यासारखंच, एकही चूक न करता.

ती वाट मी तीन महिने टाळली. तुझं पत्र वाचल्यावर रविवारी गेले. दोन युरो टाकले. कोणी बघायला नव्हतं. घेतानाही नव्हतं, देतानाही नव्हतं. नाणं पत्र्यावर पडल्याचा आवाज झाला, एवढंच. येताना मागे वळून बघितलं नाही.

म्हणून मी तुला माफ करते असं म्हणणारी कोण? हे पत्र बाबांना वाचून दाखव. पूर्ण, माझा भागही. त्यांच्यासमोर बस आणि अंडं उकड. खाल्लं तर लिही. नाही खाल्लं तरी लिही. जसं झालं तसं.

तुझी
ताई


लाखनी
१७ ऑगस्ट २०२५, रविवार

ज्योत्स्नाताई,

आजचा भाव: पांढरं पाच, गावरानी बारा. श्रावण चालू आहे, गाडीवर दिवसाला दोन ट्रे जात नाहीत. पण गाडी चालू आहे. एका पाटीवर पांढरं लिहिलंय, दुसऱ्यावर गावरानी, आणि गावरानी नसलं की तिथे 'आज नाही' लिहितो. बाबूजी पाटीकडे पाहून म्हणाले, "नाई लिहाले बी एवढं सुंदर अक्षर?" जूनमध्ये घमेलं फोडलं, त्यानंतर ते माझ्याशी पहिल्यांदा एवढे शब्द बोलले. वरठीचं नाव सध्या काढत नाहीत.

तुझं पत्र गुरुवारी आलं. आज सकाळी सानगडीला गेलो. काकांनी मला उंबऱ्याशीच थांबवलं. "आलं उत्तर?"

"आलं."

"वाच."

मी उभ्यानेच वाचलं. तुझा भाग आला तेव्हा मी थांबलो. काका म्हणाले, "वाच ना, थांबला काहून?" मी सगळं वाचलं, दोन युरोचं नाणं, तीन महिने, आणि नंतरचं. काकू पदर तोंडाला लावून ऐकत होती. वाचून झाल्यावर काका तलावाकडे पाहत बसले. पाळीवरून वारा येत होता.

"म्हंजे तिकडं बी माणसंच राहतात," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "माही पोरगी परत गेली ना पैसे टाकाले?"

"हाव काका."

"कोनी नसताना?"

"हाव."

काकू आत गेली आणि एक अंडं घेऊन आली. मी आणलेलं नव्हतं. जुलैत कलाबाईने तिला एक कोंबडी बटईने दिली आहे, पिलं अर्धी-अर्धी. त्या कोंबडीचं ते काल दिलेलं अंडं. काकूने माझ्यासमोर धरलं आणि म्हणाली, "लिही बरं याच्यावर." मी खिशातून पेन्सिल काढली. जमुनाबाई, सानगडी, सोळा ऑगस्ट. एकही अक्षर चुकलं नाही.

श्रावण आहे, मी काकांना आठवण दिली. ते म्हणाले, "डॉक्टरनं सांगितलं हाय, देव काय बोलते?"

अंडं उकडलं. पाणी जसं होतं तसंच राहिलं. काकांनी सोलायच्या आधी कवचावरचं नाव बोटाने चाचपलं. मग सोललं, मीठ लावलं आणि खाल्लं. पूर्ण. मी त्यांच्या हाताकडे पाहत होतो, त्यांनीही ते पाहिलं असावं. काकू गंजातलं पाणी मोरीत ओतायला निघाली तर म्हणाले, "टाकू नोको."

त्यांनी ते गिलासात ओतून घेतलं. फुंकर मारून एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"कायची चव नाई याले," म्हणाले.

मग गिलास दाराकडे, उजेडात धरला. आयुष्यभर ते पहाटे तलावाच्या पाण्याकडे असंच पाहत आलेत, जाळं टाकायच्या आधी, मासळी कुठे आहे ते ठरवायला. तसंच डोळे बारीक करून गिलासात पाहिलं, बराच वेळ. माझ्याकडे न बघता म्हणाले,

"पन तळ दिसते गा."

आणि उरलेलं सगळं पाणी पिऊन टाकलं.

बुधवारी परत ये म्हणाले आहेत.

कुलदीप